९,७१३ कोटींवरून ४८४ कोटी: अझीम प्रेमजींचं दान मोजायचं कसं?

देशातल्या दानशूर उद्योगपतींची, ‘हुरुन’ ही संशोधन संस्था काढते ती यादी दरवर्षी प्रसिद्ध होते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ‘रोज इतके कोटी दान’ असा मथळा हमखास असतो. २०२१ च्या यादीत ‘विप्रो’ या सॉफ्टवेअर कंपनीच्या अझीम प्रेमजींच्या नावापुढे ९,७१३ कोटी रुपये होते. दिवसाला सुमारे २७ कोटी. पुढच्याच यादीत हा आकडा ४८४ कोटींवर आला आणि त्यानंतरच्या यादीत पुन्हा १,७७४ कोटींवर गेला. साहजिकच लोकांना प्रश्न पडला. प्रेमजींनी हात आखडता घेतला, की आधीचा आकडाच फुगवलेला होता?

दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. मोठ्या दानात तोच रुपया दोन वेगवेगळ्या क्षणी मोजता येतो. एकदा तो मालकाच्या खिशातून निघून संस्थेच्या कोषात जातो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा कोषातून निघून एखाद्या शाळेपर्यंत पोहोचतो तेव्हा. या दोन क्षणांमध्ये दहा-वीस वर्षंही जाऊ शकतात. त्यामुळे ‘एका वर्षात किती दिले’ हा प्रश्न पगारातून देणगी देणाऱ्या माणसाला लागू पडतो. प्रेमजींनी जे केलं ते त्या चौकटीत मावत नाही. त्यांनी पैसा तर दिलाच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पैसा जिथून येतो ते साधन त्यांनी कायमचं देऊन टाकलं. हे नेमकं कसं केलं आणि त्यातून काय साधतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात अमळनेरची

विप्रोचं नाव घेतलं की बंगळुरूच्या काचेच्या इमारती डोळ्यांसमोर येतात. कंपनीचा जन्म मात्र आपल्या खानदेशातला, जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचा. साने गुरुजी ज्या गावात शिक्षक होते तेच हे अमळनेर. १९४५ साली, २९ डिसेंबरला, मोहम्मद हुसेन हशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ नावाची कंपनी काढली. वनस्पती तूप आणि पुढे कपडे धुण्याचा ७८७ नावाचा साबण हा तिचा धंदा. ‘विप्रो’ हे नाव त्या लांबलचक नावातूनच निघालं.

त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत अझीम यांचा जन्म झाला. ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकत होते तेव्हा, १९६६ मध्ये, वडील अचानक गेले. एकवीस वर्षांचा मुलगा शिक्षण अर्धवट टाकून परतला. पदवी त्यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी उरलेले विषय पूर्ण करून घेतली. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने उठून त्यांना सुनावलं होतं की कंपनी चालवणं तुमचं काम नाही, हिस्सा विकून मोकळे व्हा. हा प्रसंग प्रेमजींनी स्वतःच नंतर सांगितला आहे.

तुपाच्या कंपनीची संगणक कंपनी झाली ती एका राजकीय निर्णयामुळे. परदेशी कंपन्यांनी भारतातला आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावा, असा परकीय चलन कायद्याचा आग्रह होता. आयबीएमला ते मान्य नव्हतं. १९७७-७८ च्या सुमारास ती कंपनी भारतातून निघून गेली आणि संगणकाच्या बाजारात मोठी पोकळी तयार झाली. त्या पोकळीत उतरलेल्या मोजक्या भारतीय कंपन्यांत विप्रो होती. आधी तिने यंत्रं बनवली, मग नव्वदच्या दशकात सॉफ्टवेअर सेवा. ऑक्टोबर २००० मध्ये विप्रोचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारातही आले. १९९९ ते २००५ या काळात फोर्ब्सच्या यादीत प्रेमजी सर्वांत श्रीमंत भारतीय होते.

अमळनेरचा एक धागा इथे महत्त्वाचा आहे. कंपनी गावातली म्हणून तिथल्या अनेक कुटुंबांनी सुरुवातीपासून तिचे थोडेथोडे शेअर घेतले होते आणि ते विकले नाहीत. शेअर न विकता माणूस श्रीमंत कसा होतो? एक तर ‘बोनस’मुळे. कंपनी नफ्यातून साठलेल्या गंगाजळीच्या बळावर जुन्या भागधारकांना फुकट जादा शेअर देते. विप्रोने २०१७ मध्ये एकास एक, २०२४ मध्ये पुन्हा एकास एक असे शेअर दिले. त्याआधीही अनेकदा दिले होते. दुसरं कारण ‘विभाजन’. १९९९ मध्ये दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच शेअर झाले. नुसत्या बोनसने किंवा विभाजनाने संपत्ती वाढत नाही, कारण शेअरची संख्या वाढते तसा भाव त्या प्रमाणात उतरतो. पण कंपनी वाढत राहिली की भाव पुन्हा चढतो, आणि हे दशकानुदशके चालू राहिलं की शंभर शेअरचे काही लाख होतात. अमळनेरच्या कित्येक घरांतली शिक्षणं आणि लग्नं या शेअरच्या लाभांशावर, म्हणजे कंपनी भागधारकांना वाटते त्या नफ्याच्या हिश्श्यावर, पार पडली. गावात हे ज्या तत्त्वावर घडलं, त्याच तत्त्वावर प्रेमजींनी पुढे आपलं दान उभं केलं. मूळ विकायचं नाही, त्यातून जे येतं त्यावर काम चालवायचं.

नेमकं दिलं काय?

अझीम प्रेमजी फाउंडेशनचं काम २००० च्या सुमारास सुरू झालं. त्यानंतर दान टप्प्याटप्प्याने वाढत गेलं. त्यातले काही टप्पे असे. डिसेंबर २०१० मध्ये विप्रोचे सुमारे ८.७ टक्के शेअर एका विश्वस्त संस्थेकडे गेले. त्या वेळी त्यांची किंमत ८,८४६ कोटी रुपये होती. २०१३ च्या सुरुवातीला आणखी १२ टक्के, सुमारे १२,३०० कोटींचे. आणि मार्च २०१९ मध्ये सर्वांत मोठा टप्पा आला. आणखी ३४ टक्के शेअरचा ‘आर्थिक लाभ’ कोषाकडे वळवण्यात आला, ज्याची किंमत ५२,७५० कोटी होती. त्या दिवशी फाउंडेशनने जाहीर केलं की प्रेमजींनी आजवर दिलेल्या कोषाचं मूल्य १,४५,००० कोटी रुपये आहे आणि त्यात विप्रोच्या ६७ टक्के आर्थिक मालकीचा समावेश आहे.

‘आर्थिक मालकी’ हाच या साऱ्या प्रकरणातला सर्वांत अवघड शब्द. तो एकदा समजला की बाकीचं सोपं आहे.

समजा एका शेतकऱ्याची मोठी आमराई आहे. तो गावच्या शाळेला एक करार लिहून देतो. बागेची मशागत, छाटणी, फवारणी, कोणती कलमं लावायची, हे सगळं मी आणि माझी माणसं ठरवू. पण शंभरातल्या नव्वद झाडांचे आंबे विकून येणारे पैसे कायम शाळेचे. त्या झाडांचं लाकूड कधी विकलं तर तेही पैसे शाळेचे. आणि हा करार मला किंवा माझ्या मुलांना मोडता येणार नाही. इथे सातबारावर नाव शेतकऱ्याचं दिसेल, निर्णयही तोच घेईल, पण उत्पन्न शाळेचं झालं.

शेअरमध्येही असेच दोन हक्क एकत्र बांधलेले असतात. एक मत देण्याचा हक्क, म्हणजे संचालक कोण असावेत, मोठे निर्णय काय व्हावेत, हे ठरवण्याचा. दुसरा फळाचा हक्क, म्हणजे लाभांश मिळवण्याचा आणि शेअर विकला तर त्याची किंमत घेण्याचा. २०१९ मध्ये दिलेले शेअर प्रेमजींच्या नियंत्रणातल्या संस्थांच्या नावावर होते आणि मताचा हक्क तिथेच राहिला. फळाचा हक्क मात्र कायमचा कोषाकडे गेला. त्या वेळी प्रवर्तक गटाकडे, म्हणजे प्रेमजी कुटुंब आणि त्यांच्या संस्थांकडे, मिळून विप्रोचे सुमारे ७४ टक्के शेअर होते. त्यातून ६७ वजा करा. बाजारातल्या भागधारकांना सोडून कंपनीतून जे काही येतं, त्यातला फारच थोडा वाटा कुटुंबाच्या खिशात जातो.

आता फळ म्हणजे किती, ते पाहू. जानेवारी २०२५ मध्ये विप्रोने प्रत्येक शेअरमागे ६ रुपये अंतरिम लाभांश जाहीर केला. कंपनीचे एक हजार कोटींहून जास्त शेअर आहेत, म्हणजे लाभांशाची एकूण रक्कम ६,००० कोटींच्या वर गेली. दोन-तृतीयांश हिस्सा धरला तर एका घोषणेतून ४,००० कोटींच्या वर रक्कम कोषाच्या वाट्याची. दुसरा मार्ग ‘बायबॅक’चा, म्हणजे कंपनीने स्वतःचेच काही शेअर भागधारकांकडून ठरावीक भावाने परत विकत घेण्याचा. विप्रोने २०२० मध्ये ४०० रुपये भावाने ९,५०० कोटींचे आणि २०२३ मध्ये ४४५ रुपये भावाने १२,००० कोटींचे शेअर असे परत घेतले. अशा वेळी मोठा हिस्सा असणाऱ्याच्या हातात एकदम मोठी रोकड येते. एका वर्षी बायबॅक होतो, दुसऱ्या वर्षी होत नाही. मग एका वर्षाचा आकडा डोंगराएवढा आणि दुसऱ्या वर्षीचा टेकडीएवढा दिसला तर त्यावरून दात्याच्या मनाची परीक्षा करता येत नाही.

सगळे पैसे एकदम का वाटून टाकत नाहीत?

कारण कोष या रचनेचा हेतूच वेगळा आहे. मूळ रक्कम शाबूत ठेवायची, ती गुंतवायची आणि येणाऱ्या उत्पन्नावर काम वर्षानुवर्षं चालवायचं. यालाच एंडोमेंट म्हणतात. प्रेमजींच्या कोषात विप्रोखेरीज इतरही गुंतवणुका आहेत आणि त्या सांभाळण्यासाठी ‘प्रेमजी इन्व्हेस्ट’ ही स्वतंत्र यंत्रणा आहे.

याला विरोध करणारे विचारतात, आज मुलं उपाशी आहेत, मग उद्यासाठी पैसे राखून ठेवण्यात कसली माणुसकी? प्रश्न खरा आहे आणि त्याला एकच उत्तर नाही. साथ आली, पूर आला, तर पैसा त्याच दिवशी लागतो. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत फाउंडेशनने १,००० कोटी आणि विप्रोच्या कंपन्यांनी १२५ कोटी जाहीर केले, ते याच कारणाने. पण शिक्षणासारख्या कामात दोन वर्षं भरपूर पैसा आणि तिसऱ्या वर्षी शून्य, हे फार घातक ठरतं. शिक्षकांना जोडून घ्यायला, त्यांचा विश्वास मिळवायला, एखाद्या तालुक्यात रुजायला दशक जातं. तिथे संथ पण न आटणारं उत्पन्नच उपयोगी पडतं. माझं मत या बाजूने झुकतं.

हे सारं कर वाचवण्यासाठी नाही का?

हा आक्षेप जवळजवळ प्रत्येक चर्चेत येतो आणि तो अमेरिकेहून उसना आणलेला आहे. तिथे मोठ्या संपत्तीवर वारसा कर लागतो, शेअर दान केल्यावर करसवलत मिळते, त्यामुळे दान आणि करनियोजन यांची सरमिसळ होते. भारतात १९८५ मध्येच वारसा कर रद्द झाला. प्रेमजींनी सगळे शेअर दोन मुलांच्या नावे केले असते तर त्या हस्तांतरणावर एक रुपयाही कर लागला नसता. शिवाय आपल्या आयकर कायद्यात देणगीवर मिळणारी वजावट रोख रकमेला लागू आहे, शेअरसारख्या वस्तुरूप दानाला नाही. आणि रोख देणगीच्या वजावटीलाही बहुतेक ठिकाणी उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा आहे. धर्मादाय संस्थांच्या उत्पन्नाला अटींवर करसवलत मिळते हे खरं. उत्पन्नाचा मोठा भाग, साधारणपणे ८५ टक्के, ठरलेल्या कामावरच वापरणं ही त्यातली एक अट. पण ही सवलत मिळाली तरी पैसा पुन्हा कुटुंबाकडे येऊ शकत नाही. कर वाचवायला निघालेला माणूस मूळ संपत्तीच कायमची हातावेगळी करत नाही.

ताबा सोडला नाही, मग दान कसलं?

हा आक्षेप जास्त वजनदार आहे. मताचा हक्क हातात ठेवून फळ देणं म्हणजे सत्ता आपली आणि पुण्यही आपलं, असं कुणी म्हटलं तर ते सहज उडवून लावता येणार नाही. कंपनीचा कारभार एका कुटुंबाच्या प्रभावाखालीच राहतो. जुलै २०१९ च्या अखेरीस प्रेमजी कार्यकारी पदावरून निवृत्त झाले आणि त्यांचे थोरले चिरंजीव रिशद अध्यक्ष झाले.

दुसरी बाजूही पाहायला हवी. मताचे सगळे हक्क विश्वस्तांकडे गेले असते, तर सॉफ्टवेअर कंपनी कशी चालवायची हे शाळा आणि आरोग्य यांवर काम करणाऱ्या माणसांना ठरवावं लागलं असतं. आणि सगळे शेअर एकदम बाजारात विकले असते तर भाव कोसळून कोषाचंच नुकसान झालं असतं. या रचनेमुळे एक वेगळाच परिणाम साधला आहे. विप्रोच्या प्रत्येक शंभर रुपये लाभांशातले साठाहून जास्त रुपये धर्मादाय कामाला जातात. कंपनी नीट चालवण्याचं कुटुंबाचं काम म्हणजे मुख्यतः दुसऱ्यांसाठी केलेलं काम झालं. मला ही तडजोड मान्य होण्यासारखी वाटते. ती मान्य होण्याचं कारण एकच, ती मागे घेता येत नाही.

या जागी एका शपथेचा उल्लेख हवा. २०१० मध्ये बिल गेट्स, मेलिंडा गेट्स आणि वॉरन बफे यांनी ‘गिव्हिंग प्लेज’ सुरू केली. अब्जाधीशांनी निम्म्याहून अधिक संपत्ती दान करण्याचं जाहीर वचन द्यायचं, अशी ती कल्पना. २०१३ मध्ये त्यावर सही करणारे प्रेमजी पहिले भारतीय ठरले. ही शपथ नैतिक आहे, कायदेशीर नाही. कुणी ती पाळली नाही तर कोर्टात जाता येत नाही. प्रेमजींच्या बाबतीत शपथेपेक्षा शेअर हस्तांतरणाचे कागद जास्त महत्त्वाचे आहेत, कारण त्या कागदांना कायद्याचं बळ आहे.

कंपन्यांना दोन टक्के खर्च करावाच लागतो, मग यात वेगळं काय?

२०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. हा पैसा कंपनीचा, म्हणजे सगळ्या भागधारकांचा. प्रेमजींनी दिलेला पैसा त्यांच्या स्वतःच्या वाट्याचा. दोन्हींची गल्लत करून ‘कायद्याने करावंच लागतं’ असं म्हणणं चूक आहे. मोठं दान २०१० मध्येच सुरू झालं, तेव्हा हा कायदाही नव्हता.

शाळाच का? आणि स्वतःच्या शाळा का नाहीत?

या प्रश्नावर मला थोडं जास्त थांबायचं आहे, कारण पैशाच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट शिकण्यासारखी आहे.

प्रेमजींच्या आई, डॉ. गुलबानू प्रेमजी, मुंबईत हाजी अलीजवळच्या मुलांच्या अस्थिरोग रुग्णालयासाठी आयुष्यभर झटल्या. पोलिओ झालेल्या आणि हालचालींवर मर्यादा आलेल्या मुलांसाठी ते रुग्णालय होतं. त्यासाठी त्या निधी गोळा करत. दानाच्या संदर्भात प्रेमजी दोन गोष्टींचा उल्लेख करतात, आईचं काम आणि गांधीजींचा विश्वस्त कल्पनेचा विचार, म्हणजे संपत्ती आपल्याकडे सांभाळायला दिलेली आहे ही भूमिका.

तंत्रज्ञानातून पैसा मिळवलेला माणूस शिक्षणात उतरतो तेव्हा सहसा तंत्रज्ञानच घेऊन जातो. फाउंडेशननेही सुरुवातीला तेच केलं. सरकारी शाळांतल्या संगणकांवर मुलांना शिकता यावं म्हणून स्थानिक भाषांतला मजकूर तयार केला, सीडी बनवल्या, अनेक राज्यांत वाटल्या. काही वर्षांनी मागे वळून पाहिल्यावर संस्थेने स्वतःच उघडपणे मांडलं की संगणकाने मूळ अडचण सुटत नाही. उलट यंत्राच्या आकर्षणामुळे शिक्षकाकडे आणि शाळेच्या खऱ्या प्रश्नांकडे दुर्लक्ष होतं. संगणकाच्या धंद्यावर उभ्या राहिलेल्या संस्थेने हे म्हणावं, याला मी फार मोठा प्रामाणिकपणा मानतो. आज मोबाइल ॲपने शिक्षणाचा कायापालट होईल असं सांगणाऱ्या प्रत्येकाने हा अनुभव आधी अभ्यासावा.

त्यानंतर संस्थेचा रोख शिक्षकांकडे वळला. राजस्थानातलं टोंक आणि सिरोही, उत्तराखंडातलं उत्तरकाशी आणि ऊधमसिंह नगर, छत्तीसगडमधलं धमतरी, कर्नाटकातलं यादगीर अशा जिल्ह्यांत माणसं कायमची राहायला गेली आणि सरकारी शाळांतल्या शिक्षकांबरोबर काम करू लागली.

म्हणजे नेमकं काय करतात? एक साधं गणित घ्या. ५२ वजा २७. एका मुलाने उत्तर लिहिलं ३५. बहुतेक वह्यांत त्यावर लाल फुली पडते आणि विषय संपतो. पण त्या मुलाने काय केलं ते पाहा. एककात दोनमधून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले, पाच लिहिले. दशकात पाचातून दोन काढले, तीन लिहिले. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हा नियम त्याने प्रामाणिकपणे पाळला. त्याला ५२ हे पाच दशक आणि दोन सुटे असे दिसतच नाहीत, ते त्याच्यासाठी शेजारी शेजारी ठेवलेले दोन वेगळे आकडे आहेत. हे शिक्षकाला कळलं तर तो काड्यांचे गठ्ठे घेऊन बसेल, एक गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या करून दाखवेल. नाही कळलं तर तोच पाढा पुन्हा घोकून घेईल. असं निदान करायला कोणतंही यंत्र लागत नाही. लागतो तो विषय समजलेला, मुलाच्या डोक्यात डोकावणारा शिक्षक आणि त्याच्याबरोबर या चुकांवर बोलायला बसणारं कुणीतरी. हे काम फार सावकाश होतं आणि त्याचा सुंदर फोटो निघत नाही. म्हणूनच ते बहुतेक दात्यांच्या नजरेआड राहतं.

फाउंडेशनने चालवलेल्या स्वतःच्या काही शाळा आहेत, पण भर त्यांच्यावर नाही. शंभर उत्तम शाळा काढल्या तर काही हजार मुलांचं भलं होतं. देशातल्या लाखो सरकारी शाळांतली मुलं मात्र होती तिथेच राहतात. याच विचाराने माणसं घडवण्यासाठी विद्यापीठ काढलं गेलं. २०१० मध्ये कर्नाटकच्या कायद्याने बंगळुरूत अझीम प्रेमजी विद्यापीठ स्थापन झालं, पुढे भोपाळमध्ये दुसरं सुरू झालं. शिक्षण आणि विकास या क्षेत्रांत काम करू इच्छिणारे विद्यार्थी तिथे शिकतात. देशातल्या रोजगाराच्या स्थितीवरचे या विद्यापीठाचे अहवाल धोरणाच्या चर्चेत सतत वापरले जातात.

सरकारचं काम खासगी पैशाने का व्हावं?

आधी प्रमाण लक्षात घेऊ. २०१९ मध्ये जाहीर झालेला १,४५,००० कोटींचा संपूर्ण कोष एका वर्षात खर्च केला, तरी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या २०२५-२६ च्या १,२८,६५० कोटींच्या तरतुदीपेक्षा थोडाच जास्त भरतो. राज्यांचा शिक्षणखर्च त्याहून निराळा आणि कितीतरी मोठा. कोषातून दरवर्षी खर्च होणारी रक्कम तर मूळ कोषाचा एक छोटा भाग असते. कुठलाही दानशूर सरकारची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. शाळा, शिक्षकांचे पगार, इमारती ही करातूनच व्हायची कामं आहेत.

मग खासगी पैशाचा उपयोग काय? सरकार जे करायला कचरतं किंवा ज्याला वेळेत निधी मिळत नाही, तिथे तो आधी जाऊ शकतो. कर्नाटकात सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना आठवड्यातून दोन दिवस अंडी मिळत होती. २०२४ मध्ये फाउंडेशनने राज्य सरकारशी करार केला आणि उरलेल्या चार दिवसांच्या अंड्यांचा खर्च तीन वर्षांसाठी उचलला. रक्कम सुमारे १,५०० कोटी, मुलं पन्नास लाखांहून जास्त. अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं किंवा चिक्की. दुसरं उदाहरण शिष्यवृत्तीचं. दहावी आणि बारावी सरकारी शाळेतून केलेल्या मुलीला पदवी किंवा पदविकेच्या काळात वर्षाला ३०,००० रुपये. २०२५-२६ साठी १८ राज्यांतल्या अडीच लाख मुलींचं लक्ष्य ठरलं. सगळ्यांना दिले तर एका तुकडीमागे वर्षाला ७५० कोटी. ज्या घरात मुलीचं लग्न की कॉलेज हा हिशेब चालू असतो, तिथे तीस हजारांनी तो हिशेब बदलू शकतो.

अंड्यांच्या बाबतीत माझी एक काळजी आहे. तीन वर्षांनी करार संपल्यावर काय? सरकारने त्या चार दिवसांचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात घेतला तर हे दान यशस्वी झालं. नाही घेतला तर लाखो मुलांच्या ताटातलं अंडं एका संस्थेच्या नूतनीकरणावर लटकत राहील. मुलांचं पोषण हा हक्क आहे, तो कुणाच्या मर्जीवर असता कामा नये, ती मर्जी कितीही चांगली असली तरी.

धोके कुठे आहेत?

पहिला धोका उघड आहे. कोषाचा मोठा भाग एकाच कंपनीच्या शेअरमध्ये आहे. भाव उतरला की कोषाचं कागदावरचं मूल्य उतरतं, नफा घटला की लाभांश घटतो. सॉफ्टवेअर सेवांचा धंदा सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे बदलतो आहे आणि त्याची झळ विप्रोलाही लागू शकते. इतर ठिकाणच्या गुंतवणुकी हा त्यावरचा उतारा आहे, पण अर्धाच.

दुसरा धोका उत्तरदायित्वाचा आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. निवडून आलेलं सरकार चुकलं तर पाच वर्षांनी बदलता येतं. हजारो कोटींचा कोष कुठल्या जिल्ह्यात जायचं, कुठल्या प्रश्नावर काम करायचं हे ठरवतो, त्याच्या विश्वस्तांना मतदार बदलू शकत नाहीत. अमेरिकेत खासगी प्रतिष्ठानांना दरवर्षी मालमत्तेच्या साधारण पाच टक्के रक्कम खर्च करावीच लागते. शिवाय त्यांचं वार्षिक विवरणपत्र कुणालाही पाहता येतं: कुणाला किती अनुदान दिलं, पदाधिकाऱ्यांना काय मानधन, पैसा कुठे गुंतवला. आपल्याकडे सूचीबद्ध कंपनीत कुणाचा किती हिस्सा हे दर तिमाहीला कळतं, पण मोठ्या धर्मादाय कोषांचा असा सुटसुटीत, एका जागी मिळणारा, सामान्य वाचकाला समजेल असा हिशेब मिळत नाही.

फाउंडेशनच्या कामाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच ही मागणी त्यांच्यापासून सुरू व्हावी असं वाटतं. दरवर्षी तीन आकडे वेगवेगळे जाहीर व्हावेत: कोषात किती आलं, कोषातून किती बाहेर गेलं, आणि त्यातलं किती थेट जिल्ह्यांतल्या कामावर खर्च झालं. कायद्याने हे सगळ्या मोठ्या कोषांना बंधनकारक करायला हवं. आणि कायदा होईपर्यंत ज्यांच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्यांनी स्वतःहून ते मांडायला हरकत नसावी.